टॉवेलखालची दोन बोटं

मागच्या कार्तिकात साजगावच्या यात्रेत माझं माझ्या भागीदाराशी भांडण झालं आणि बावीस वर्षांची भागी मोडली. त्याच सुमाराला माझा उजवा हात दुखायला लागला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं तेव्हा मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याच्याशीही भांडलो असतो. तेवढी माझी तयारी कायम असते.

मी बैलांचा व्यापारी. वाटणीत बापाने थोरल्या दोघांना जमीन दिली आणि मला एक म्हैस, तीही आटलेली. ती विकून मी धंद्याला लागलो. आज कर्जतला घर आहे, मागे गोठा आहे, दारात पिकअप आहे. हे सगळं मी भाव करून मिळवलं, त्यामुळे ती सवय घरी ठेवून बाहेर पडता येत नाही. बाजारातली भाजीवाली मला लांबून पाहिलं की कोथिंबीर टोपलीखाली सरकवते.

भागीदार खालापूरच्या बाजूचा, भातशेतीवाला. जनावर शोधायचं काम त्याचं, भाव करायचं माझं. सौद्याच्या वेळी तो मध्ये बसायचा. मध्ये बसणं म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं तिथेच बिघडलं.

आमच्यात अजून बरेच जण बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, दोघांच्या मध्ये तिसरा. विकणारा टॉवेलखाली मधल्याची बोटं धरतो. जितकी बोटं, तितका आकडा. मग मधला टॉवेल घेऊन घेणाऱ्याकडे वळतो आणि तितकीच बोटं त्याची धरतो. भोवती तीस माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. बोटं हलकी धरायची असतात. जोर लावला की दंड हलतो, आणि बघणारे दंडावरून आकडा ओळखतात. घेणाऱ्याने 'मंजूर' म्हणून हातावर हात मारला की सौदा झाला. त्यानंतर माघार घेणाऱ्याला पुढच्या वर्षी कुणी समोर बसवून घेत नाही.

त्या दिवशी सकाळी थंडी होती. मी नेहमीप्रमाणे खिडकीवर कोपर टेकवून कर्जतहून गाडी चालवत आलो होतो आणि हात गारठला होता. निदान मला तसं वाटलं. सुक्या मासळीच्या आणि घोंगड्यांच्या दुकानांमागे बैल उभे होते. त्यातला एक पांढरा माझ्या भागीदाराने हेरून ठेवला होता. बैल शर्यतीचा होता, म्हणजे मालक तसं म्हणत होता. मालक भागीदाराच्या सासरच्या गावचा. लाख तर तोंडानेच ठरला. लाखाच्या वर किती दहा हजार, ते बोटांनी ठरायचं होतं.

दोनदा मी मान हलवून नकार दिला. तिसऱ्यांदा भागीदाराने माझ्या हातावर टॉवेल टाकला आणि बोटं धरली. दोन. पहिलं आणि मधलं. एक लाख वीस. बैलाची तेवढी किंमत होती. मी मंजूर म्हणालो आणि हात मारला.

मालक उठून उभा राहिला आणि म्हणाला, "एक चाळीस. घेऊन जा, तुमचाच हाय."

मी म्हणालो, "एक वीस."

मालकाने मधल्याकडे पाहिलं. मधला म्हणाला, "चार बोटं धरली."

"दोन धरलीस."

"चार धरली रं. हाताला इचार तुझ्या."

मी हाताला विचारलं नाही. मी त्यालाच विचारलं, की सासरच्या माणसांनी तुला यातलं काय देऊ केलंय. हे मी तीस माणसांसमोर विचारलं, आणि माझा आवाज मुळात लहान नाही. त्याने टॉवेल झटकला, घडी केली, माझ्या मांडीवर ठेवला आणि निघून गेला. टॉवेल माझाच होता. मी एक चाळीस दिले, कारण हात मारला होता, आणि बैल घेऊन घरी आलो. तो अजून गोठ्यात आहे. शर्यतीचा वगैरे काही नाही. खातो मात्र पहिल्या नंबरात आल्यासारखा.

त्यानंतर हाताचं दुखणं वाढत गेलं.

दुखण्याबद्दल माझं मत आधीपासून पक्कं होतं. आमच्या धंद्यात दुखणं ही लपवायची नाहीतर फुगवायची गोष्ट आहे. विकणारा लपवतो, घेणारा फुगवतो. लंगडणारा बैल चढावर उभा करतात म्हणजे लंगडणं दिसत नाही. मी बैल आधी डांबरी रस्त्यावर चालवून बघतो आणि त्याच्या डोक्यावर नजर ठेवतो. पुढचा दुखरा पाय जमिनीला लागला की बैल डोकं वर उचलतो. ते मालकाला लपवता येत नाही आणि बैलाला कळतही नाही. पाय उचलून खुरात काही सापडलं नाही तर मी खांदा दाबतो, कारण पुष्कळदा पाय दिसतो लंगडा आणि दुखणं असतं खांद्यात. हे मला माझ्या वयाच्या विसाव्या वर्षापासून ठाऊक आहे. बैलाच्या बाबतीत.

माणसाच्या बाबतीत कुणी 'कंबर दुखते' म्हणालं की तो काय मागतोय, याची मी वाट बघायचो. बहुतेक सुट्टी मागत असे.

माघाच्या शेवटी मी पहिल्यांदा दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "दहापैकी किती दुखतं? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही."

आकडा विचारला की मी सावध होतो. समोरच्याकडे औषध आहे आणि मला ते हवंय, म्हणजे मी घेणारा. घेणाऱ्याने गरज दाखवायची नसते. मी म्हणालो, "तीन."

माझी अपेक्षा होती की ते म्हणतील, तीन कसं असेल, चेहरा तर सहाचा दिसतोय. मग मी चार म्हणेन, आणि पाचावर ठरेल. ते काही बोलले नाहीत. त्यांनी तीन लिहून घेतलं, चोळायला मलम दिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. इतका सरळ व्यवहार मी आयुष्यात पाहिला नव्हता. मला फसवल्यासारखं वाटलं.

घरी बायको म्हणाली, "झोपेत कोपर धरून कण्हता, आन् तिथं तीन सांगितलं?"

"सुरुवात तीनपासून करायची असते."

"मंग करा आता मलमाशी भाव."

मी सहा महिने खांद्याला मलम चोळलं. माझ्या मते दोष खांद्याचा होता. मधूनमधून हातातून कप पडायचा. शर्टाचं गळ्याजवळचं बटण लागेनासं झालं, तेव्हा मी शिंप्याला काजं लहान ठेवल्याबद्दल बोललो. फोन कानाला लावून बसलो की कोपरापासून करंगळीपर्यंत आग व्हायची. माझा अर्धा धंदा फोनवर चालतो. समोरचा भाव उतरवत नाही तोवर मी फोन ठेवत नाही, त्यामुळे आग बरीच व्हायची. मी ती भागीदाराच्या खात्यावर टाकत होतो. माणसाने बावीस वर्षांनी दगा दिला की अंगावर काहीतरी निघणारच, असं मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग डाव्या अंगावर का नाही निघालं.

श्रावण संपता संपता तीच मला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. या डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी खुर्चीत बसलो आणि आकडा तयार ठेवला. या वेळी सातापासून सुरुवात करायचं ठरवलं होतं. बाईंनी आकडा विचारलाच नाही.

"कसं दुखतं?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ठणकतं का? की चमक येते? जड होतं, आखडतं, जळजळतं, मुंग्या येतात, काय होतं?"

हे प्रश्न माझ्या ओळखीचे होते. बैल घेताना मी असेच विचारतो. बसताना लंगडतो की उठताना, कडक जमिनीवर की चिखलात.

मी म्हणालो, "आग होते. कोपराला काही लागलं की करंगळीत वीज जाते."

"आणि खांदा?"

"खांदा काही करत नाही."

"मग मलम खांद्याला का लावता?"

बायको छताकडे बघायला लागली.

बाईंनी मला जे समजावलं ते मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. दुखणी एका जातीची नसतात. ठेच लागली, कापलं, भाजलं, की तिथलं मांस ओरडतं. लागलंय तिथेच दुखतं, आणि जखम भरली की थांबतं. हे सगळ्यात सरळ दुखणं. दुसरं सुजेचं. ते ठणकतं, सकाळी सांधा आखडलेला असतो आणि चाललं-फिरलं की सुटतो. तिसरं नसेचं. त्यात जळजळ, चमक, मुंग्या, आणि मुख्य म्हणजे जागा फसवी. नस जिथे दाबली जाते तिथे नव्हे, तर ती जिथे जाऊन संपते तिथे कळ लागते. आणि चौथं असं, की जखम भरून जाते, सूज उतरते, तरी दुखणं चालूच राहतं, कारण मेंदूला ओरड ऐकायची सवय झालेली असते. ते खोटं नसतं, असं त्यांनी दोनदा सांगितलं. दुखणाऱ्याला खरंच दुखत असतं, फक्त दुखवणारं तिथे काही उरलेलं नसतं.

बाई चौथं सांगत होत्या तेव्हा बायकोने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई सांध्यांबद्दल बोलत होत्या, हे मी तिला बाहेर आल्यावर स्पष्ट केलं.

"तुमचं तिसरं दिसतंय," बाई म्हणाल्या. "गाडी चालवता का?"

"पंचवीस वर्षं."

"उजवं कोपर खिडकीवर?"

"मग कुठे ठेवायचं?"

"आणि फोन उजव्या कानाला, कोपर दुमडून?"

मी कोपर सरळ केलं. समोरच्याला सगळं आधीच माहीत असेल तर बोलण्यात अर्थ नसतो.

मग त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. "हात पुढे करा. मी कापूस लावीन. किती बोटांना लागला ते सांगा."

मी डोळे मिटले. पहिल्या बोटाला लागला, मधल्याला लागला. मग काही नाही. मी म्हणालो, "दोन."

बाई म्हणाल्या, "चार."

मी डोळे उघडले. यात्रेतले आकडे हेच होते. पण मी इतक्या सहज आकडा मान्य करणारा माणूस नाही. मी म्हणालो, "चार बोटांना तुम्ही लावलाच नसेल."

"लावला."

"पुन्हा करा. कापूस नको." मी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातावर टाकला. "याच्या खाली हात घाला आणि माझी बोटं धरा. वाटेल तेवढी. सांगू नका. आणि हलकी धरा."

बाईंनी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "धरा. हे ऐकायचे न्हाईत."

त्यांनी टॉवेलखाली हात घातला. त्यांना बैलांच्या बाजारातलं काही माहीत नव्हतं, पण धरली अगदी हलकी, दंड न हलवता. मी भिंतीकडे बघत राहिलो. पहिलं बोट कळलं. मधलं कळलं.

"दोन," मी म्हणालो.

बायकोने टॉवेलचं टोक उचलून खाली पाहिलं. तिने बराच वेळ पाहिलं.

"चार धरलीत," ती म्हणाली. "चारच होती म्हनायची."

ती यात्रेबद्दल बोलत होती.

पुढे पनवेलला नसांची तपासणी झाली. हातातून वीज सोडतात आणि ती कुठे रेंगाळते ते बघतात. माझी कोपरात रेंगाळत होती. बाई म्हणाल्या की सहा महिने आधी आला असतात तर बरं झालं असतं. मी सहा महिने आधी गेलो होतो आणि तीन सांगून परत आलो होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. कोपर टेकवायचं नाही, दुमडायचं नाही, झोपताना आणि गाडीत बसताना कोपराभोवती टॉवेल गुंडाळायचा, म्हणजे हात सरळ राहतो. दोन महिने करून बघू, नाहीतर ऑपरेशन. दुखणं कमी होईल. बोटांत जाणीव येईल की नाही, ते सांगता येत नाही.

दुखत होतं त्याचं मला काही वाटलं नाही. दुखण्याशी मी सहा महिने भांडलो होतो. दोन बोटं गप्प होती आणि ती गप्प आहेत हे मला ठाऊक नव्हतं, याचा राग कुणावर काढायचा ते समजेना. मी आठ दिवस शोधलं. एकच माणूस सापडला, आणि तो मीच होतो.

यात्रेला महिना राहिला होता. मध्ये बसायला मला दुसरा माणूस मिळाला नव्हता, म्हणजे दोघे मिळाले होते आणि दोघांशी माझं जमलं नव्हतं. पण मी निघालो त्याचं तेही खरं कारण नाही. ज्या माणसाबरोबर मी बावीस वर्षं एका डब्यातलं खाल्लं, त्याला मी तीस माणसांत चोर म्हणालो होतो, आणि तो चोर नव्हता. मी पिकअप काढली, कोपराला टॉवेल गुंडाळला आणि खालापूरच्या रस्त्याला लागलो. तपासणीचा कागद बरोबर घेतला.

तो ओटीवर बसून वेसणी वळत होता. यात्रेच्या आधी तो दरवर्षी वळतो. मला पाहून हात थांबवला नाही.

"काय रं, रस्ता चुकलास?"

"नाही."

आतून वहिनींनी डोकावून पाहिलं. "भावजी, चा घेनार?"

"घेईन."

"कपात नको, पेल्यात आनते. कप पडतो म्हनं तुमच्या हातून."

म्हणजे माझ्या बायकोचा आणि वहिनींचा फोन या अकरा महिन्यांत एक दिवसही बंद नव्हता. भागी फक्त आम्हा दोघांची मोडली होती.

मी कागद त्याच्यासमोर धरला. त्याने वेसण पायाच्या अंगठ्यात अडकवली, कागद घेतला, खालून वर वाचत गेला.

"ह्यात माझं नाव हाय?"

"नाही."

"मंग मला कशाला दाखवतोस?"

"कोपरात नस दबलीय. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही बधिर आहेत. तू चार धरली होतीस. मला दोनच कळली."

"मी त्याच येळंला बोललो, हाताला इचार."

"नीट सांगायचं होतंस. हाताला विचार म्हणजे माणसाने काय समजायचं?"

हे बोलायचं मी ठरवून आलो नव्हतो. पण माझी तक्रार खरी होती आणि अजून आहे. यात्रेच्या आधीही माझ्या हातून पडणारे कप त्याला दिसत होते. 'तुझी बोटं बधिर झालीत' एवढं साधं वाक्य त्याने म्हटलं असतं तर बाकी सगळं टळलं असतं.

तो म्हणाला, "तू ऐकलं असतंस?"

मी पेल्याची वाट पाहिली. पेला लवकर आला नाही.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"हितं कोन हाय ऐकायला? आमी नवरा-बायकोच. तू बोललास तवा तीस मानसं होती."

"मग यात्रेत बोलतो. त्याच जागी."

"किती येळा?"

"एकदा."

तो हसला. पहिला आकडा मी कधीच खरा सांगत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. "तोंडानं नको," तो म्हणाला. "हात आन."

मी डावा हात पुढे केला.

"डाव्या हातानं सौदा होत न्हाय."

त्याने माझ्या उजव्या कोपराचा टॉवेल स्वतः सोडला. हळू सोडला, बैलाच्या सुजलेल्या खुराची पट्टी सोडतात तसा. हातावर टाकला आणि खाली हात घातला. पहिलं बोट धरलेलं मला कळलं. मधलं कळलं. सगळी मिळून दोन असतील, तीन असतील, चार असतील. माझ्यासाठी मधल्याच्या पुढे काहीच नव्हतं. मी त्याच्या दंडाकडे पाहिलं. दंड हलला नाही. बावीस वर्षांत कुणाला त्याच्या दंडावरून आकडा ओळखता आलेला नाही.

वहिनी दारात पेला घेऊन उभ्या होत्या. त्यांना टॉवेलखालचं दिसत नव्हतं, आणि त्या वाकून बघायचा प्रयत्नही करत नव्हत्या.

"मंजूर," मी म्हणालो आणि त्याच्या हातावर हात मारला.

त्याने टॉवेल काढला.

"किती?" मी विचारलं.

"यात्रेत कळंल."

मग त्याने टॉवेल पुन्हा माझ्या कोपराला गुंडाळला, मी गुंडाळतो त्यापेक्षा घट्ट, आणि उरलेल्या वेसणीच्या दोरीने वर एक गाठ मारली. मी चहा पेल्यातून प्यायलो. तो पांढरा बैल अजून माझ्याकडे आहे का, असं त्याने विचारलं. आहे म्हणालो. खातो का म्हणाला. मी म्हटलं, तोच एक धंदा त्याला जमतो.

परत निघताना मी कोपर खिडकीतून आत घेतलं. खालापूरजवळचा शिळफाटा यायच्या आधीच ते दुखायला लागलं होतं, आग आणि मधूनच चमक. दहापैकी सात. एकच भाव.